रेषेवर नसलेली मुलगी

आमच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉलचे संघ वर्गावरून पडत नाहीत. दर हिवाळ्यात खेळाचे सर चार कॅप्टन नेमतात. बाकीच्या मुली कोर्टाच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर उभ्या राहतात आणि कॅप्टन आळीपाळीने एकेकीला आपल्याकडे बोलावतात. सर याला ड्राफ्ट म्हणतात. अमेरिकेत असंच असतं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. मुली याला वाटणी म्हणतात. ज्या उरतात त्या बॅगा उचलून घरी जातात.

मी पहिल्या वर्षाला असताना झालेल्या वाटणीबद्दल मला लिहायचं आहे. त्या दिवशी रेषेवर एक मुलगी नव्हती. ती असती तर आमच्या संघाचं काय झालं असतं, याचा विचार मी नंतर इतका केला की तेवढा रसायनशास्त्राचाही केला नसेल. मला कारण होतं. तिच्याऐवजी जिला घेतलं, ती मी होते.

आधी माझी अडचण सांगायला हवी. माझं गाव मंद्रूपच्या आत, नदीच्या बाजूला आहे. सोलापूरहून मंद्रूपपर्यंत गाड्या पुष्कळ मिळतात, पण तिथून आत जायला संध्याकाळची एकच मुक्कामी एसटी. ती सोलापूर स्टँडवरून पाचला सुटते. आमचं प्रॅक्टिकल त्यानंतरही चालायचं. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला आहेत आणि दिवस मावळला की तिथेच राखणीला थांबतात, त्यामुळे मंद्रूपला न्यायला येणारं कुणी नाही. वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकल अर्धवट टाकून मी स्टँडकडे पळायचे. पार्टनर उरलेलं करायची आणि दुसऱ्या दिवशी मी तिची रीडिंग उतरवून घ्यायचे. दिवाळीनंतर मॅडमनी सांगितलं, "पुढच्या सत्रात असं चालणार नाही. पूर्ण थांबणार असशील तरच सही."

घरी हे सांगितलं. वडील म्हणाले, "मंद्रूपात आर्ट्सचं कॉलेज हाय की. तितं पाचच्या आत घरी येशील." ते रागावून बोलले नव्हते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सायन्स सोडणं म्हणजे काय सोडणं, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळत नव्हतं. मलाच ते नीट माहीत नव्हतं.

एक वाट होती. वसतिगृहात तळमजल्यावर खेळाडूंची एक मोठी खोली आहे. कॉलेजच्या संघातल्या मुलींना तिथे खाट मिळते, कारण त्यांचा सराव पहाटे असतो. वाटणीतल्या चार संघांपैकी जो जिंकेल तोच कॉलेजचा संघ म्हणून बाहेर जातो, शिवाय हरलेल्यांतून सर दोघींना घेतात. म्हणजे मला एखाद्या संघात घुसायचं होतं आणि त्या संघानं जिंकायचं होतं. मी शाळेत खो-खो खेळले होते. बास्केटबॉल मी कॉलेजात येऊन शिकले, तोही जेमतेम. पण पळायला मी कमी नव्हते.

वाटणीचा दिवस सरांनी ठरवला आणि तो नेमका येळ अमावस्येला आला. सर पुण्याकडचे. त्यांच्या कॅलेंडरवर त्या दिवशी साधी अमावस्या होती. आमच्याकडे, म्हणजे दक्षिण सोलापुरात आणि अक्कलकोटच्या बाजूला, त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात जातात. कडब्याची खोप करून पूजा होते आणि मग पालेभाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे असं जेवण. बांधावरून कुणी अनोळखी जात असला तरी त्याला हाक मारून बसवतात. त्या दिवशी शेत सोडून कुणी सोलापूरला जात नाही. मी गेले. आई भल्या सकाळी भज्जीची भाजी निवडत होती. मी बॅग घेऊन निघाले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "आजच्या दिवशी?" बास, एवढंच.

कोर्टावर मुली नेहमीपेक्षा कमी होत्या. सरांना आमची नावं लक्षात राहत नाहीत, ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारतात. "ए मंद्रूप, सरळ उभी राहा." मी सरळ उभी राहिले. पहिल्या फेरीत उंच मुली गेल्या, मग नेम चांगला असलेल्या, मग ज्यांच्या मैत्रिणी कॅप्टन होत्या त्या. प्रत्येक वेळी कॅप्टन रेषेवरून नजर फिरवायची, ती माझ्यापाशी यायची आणि पुढे जायची. एका बाजूला पाहावं तर रेषा रिकामी होत चाललेली, दुसऱ्या बाजूला चार घोळके वाढत चाललेले.

शेवटची फेरी आली. तिसऱ्या क्रमांकावर जी कॅप्टन होती ती शेवटच्या वर्षाला होती. तिचं घर सोलापूरच्या पूर्वभागातलं, घरात यंत्रमाग, घरी तेलुगू. मराठी ती इतकी भरभर बोलायची की ऐकणाऱ्याला दम लागावा. तिनं रेषेवर पाहिलं आणि विचारलं, "ती दुधनीची कुठंय? उंच?"

दुधनीची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती रेल्वेनं ये-जा करायची. कॉलेजात तिच्याएवढी उंच मुलगी नव्हती, आणि सरावाला ती नुसती हात वर करून उभी राहिली तरी चेंडू तिच्याकडेच जायचा. कुणालाच माहीत नव्हतं ती का आली नाही. मला माहीत होतं.

"आज येळ अमावस्या हाय," मी म्हणाले. "शेतात असंल ती."

"म्हणजे काय असतं?"

"सण असतो. आमच्याकडं."

"आणि तू?"

मी रेषेवर पाय नीट जुळवले. कॅप्टननं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "रेषेवर आहे तीच घ्यायची. पाहिजे तर एक जागा उद्या सकाळपर्यंत रिकामी ठेवता येईल. पण ती आली नाही तर जागा गेली. मग सातजणींनी खेळायचं."

कॅप्टन माझ्याकडे वळली. "येईल का उद्या?"

हा प्रश्न मला आजही ऐकू येतो. माहीत नाही म्हणता आलं असतं. पण मला माहीत होतं. ती सणाशिवाय कधी गैरहजर राहत नव्हती, सकाळची पॅसेंजर तिला आणून सोडायचीच.

"येईल," मी म्हणाले.

कॅप्टनच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या मुली कुजबुजल्या. "ठेव की जागा." "सात जणी झालो तर?" "अगं ती पक्की येते." कॅप्टननं एकदा रिंगखाली, दुधनीची सरावाला जिथे उभी राहायची तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सर घड्याळ बघत होते.

"मंद्रूप," ती म्हणाली.

मी रेषा ओलांडून पलीकडे गेले. कुणी टाळी दिली नाही. मी त्यांच्यात पोचते न पोचते तोच चौथी कॅप्टन म्हणाली, "सर, माझी जागा राखून ठेवा. दुधनीसाठी."

आमच्या संघातली एक मुलगी होती, चेंडू पुढे आणायचं काम तिचं, बारीक आणि तिखट. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं सांगायची काय गरज होती? कानात सांगायचं होतं की."

संध्याकाळी दुधनीच्या मुलीचा फोन आला. मागे माणसांचे आवाज, कुणीतरी कानडीत हसत होतं. वाटणीत काय झालं ते मी सगळं सांगितलं, मी येईल म्हणाले तेही. ती म्हणाली, "यव्वा, तू गेलतीस? आजच्या दिवशी?" मग तिनं फोन बाजूला धरून कानडीत आईला काहीतरी सांगितलं आणि तिची आई जोरात काहीतरी बोलली. "आई म्हणती, तुझ्या आईनं तुला सोडलं कसं."

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं आली आणि चौथ्या संघात गेली. मधल्या सुट्टीत तिनं माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवला. भज्जी आणि उंडे. "आईनं दिलंय. येळ अमावस्येचं खाल्लं न्हाई म्हणून." मी खाल्लं. भज्जी थंड झाली होती, पण तिला शेतातल्या चुलीचा वास होता. ती माझ्याकडे बघत बसली होती. तिच्या मनात काही होतं का, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

सामने सुरू झाले. मी आठवी होते, म्हणजे बाकावर. बाकावर बसलेल्या माणसाला खेळ फार स्पष्ट दिसतो, आणि मला प्रत्येक सामन्यात दोन संघ दिसायचे. एक समोर खेळत असलेला, दुसरा जो झाला असता तो.

पहिल्या सामन्यात आमची कॅप्टन रिंगखाली धडपडत होती. तिची उंची बेताची, पण रिंगखाली उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं. मी मनात तिथे दुधनीला उभी करायचे. मग कॅप्टनला आत यायची गरज उरायची नाही, ती बाहेर मोकळी. ती बाहेर मोकळी म्हणजे आमची नेमबाज मुलगी कोपऱ्यात मोकळी. मग त्या तिखट मुलीला चेंडू कुणाला द्यावा म्हणून ओरडावं लागायचं नाही. एका मुलीमुळे पाचही जणी आपापल्या जागी गेल्या असत्या. तो सामना आम्ही कसाबसा जिंकला. माझ्या मनातल्या संघानं तो सहज जिंकला होता.

दुसरा सामना आम्ही हरलो. पाणी पिताना तिखट मुलगी म्हणाली, "ती असती तर हे झालंच नसतं."

"ती म्हणजे कोण?" नेमबाज मुलीनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"आता काय बोलायचं. आमच्याकडं मंद्रूप आहे ना."

"तू चेंडू सोडत नाहीस ते बघ आधी," कॅप्टन म्हणाली. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिले. राग यायला हवा होता. पण ती जे बोलत होती ते मी तिच्याआधी, तिच्यापेक्षा जास्त तपशिलात विचार करून ठेवलं होतं. फक्त एक गोष्ट तिला माहीत नव्हती. त्या दुसऱ्या संघाचं चित्र मी कितीही वेळा काढलं तरी त्यात मी कुठे नसायचे. तो संघ जिंकायचा, खेळाडूंच्या खोलीत जायचा, आणि मी पाचच्या एसटीत खिडकीपाशी बसलेली असायचे. आमच्या संघाचं भलं व्हावं असं मनापासून वाटणं आणि मला खाट मिळावी असं वाटणं, या दोन गोष्टी एका मनात मावत नव्हत्या.

तिसरा सामना आम्ही जिंकला आणि अंतिम सामन्यात गेलो. तोवर संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा येऊन गेली होती आणि दुसरं सत्र लागलं होतं. प्रॅक्टिकल अजून सुरू झाली नव्हती. वडिलांनी एकदा फोनवर विचारलं, "मग काय ठरलं?" मी म्हणाले, "या शनिवारी कळंल." त्यांना वाटलं परीक्षेचा निकाल आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करायला गेले नाही, कारण एका खेळावर माझं कॉलेज अवलंबून आहे हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

अंतिम सामना दुधनीच्या संघाशी होता. आदल्या दिवशी लायब्ररीत ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"हरलो तरी सर मला घेणार," ती म्हणाली. "हौद की न्हाई?" कानडीत हौदू म्हणजे हो.

"घेणारच."

"आणि तुला?"

"आम्ही जिंकलो तरच."

तिनं पुस्तकाचं पान उलटलं. "मी काय मुद्दाम वाईट खेळणार न्हाई."

"मी कुटं म्हणाले."

"म्हणाली न्हाईस. बघतीस तशी."

मला हसू आलं आणि तिलाही. मग ती पुस्तक उचलून गेली.

शनिवारी कोर्टाभोवती बरीच मुलं-मुली जमली होती. आमची एक मुलगी तापानं आली नव्हती, म्हणजे आम्ही सातच होतो. दुधनी रिंगखाली उभी होती आणि कॅप्टन तिच्या अंगाशी. तिला अडवायच्या नादात कॅप्टनचे फाउल वाढत गेले. चौथ्या फाउलनंतर सरांनी तिला खूण केली, सांभाळून. तिखट मुलगी दर वेळी चेंडू घेऊन धावताना बाकाकडे बघायची, जणू बाकावर आणखी कुणी असेल. गुण मागेपुढे होत होते. मी पाय हलवत बसले होते.

शेवटची काही मिनिटं उरली आणि कॅप्टनचा पाचवा फाउल झाला. पाच झाले की बाहेर. ती घामानं निथळत बाकापाशी आली. दुसऱ्या बदली खेळाडूचा पाय मुरगळलेला. उरले मी.

कॅप्टननं माझे खांदे धरले. "ऐक. उडू नकोस. तू कितीही उडालीस तरी पोचणार नाहीस. चेंडू वर गेला की तिच्याकडे पाठ कर आणि तिला ढकलत राहा. नुसती मध्ये राहा. कळलं?"

"कळलं."

"चेंडू बघूच नकोस."

मी आत गेले. दुधनीनं मला पाहून भुवया उंचावल्या. चेंडू रिंगेला लागून वर उडाला की मी वळायचे, पाठ तिच्या पोटाला लावायचे आणि पाय रोवायचे. एकदा जमलं. चेंडू दूर पडला आणि तिखट मुलीनं उचलला. दुसऱ्यांदाही जमलं. दुधनी दात आवळून माझ्या मागून म्हणाली, "सरक ना गं." मी सरकले नाही. तिखट मुलगी पळता पळता ओरडली, "मंद्रूप, बरोबर, तशीच." तिनं मला पहिल्यांदा काही बरं म्हटलं आणि मला ते ऐकायला वेळ नव्हता.

आम्ही एका गुणानं पुढे होतो. सर शिट्टी तोंडात धरून घड्याळाकडे पाहत होते. दुधनीच्या संघातल्या एकीनं लांबून चेंडू मारला, तो रिंगेवर आपटला. मी वळले, पाठ लावली, पाय रोवले. मला आजही वाटतं की मी सगळं बरोबर केलं. चेंडू सरळ वर उडाला आणि सरळ खाली आला. तिनं माझ्या डोक्यावरून दोन हात वर नेले, जागच्या जागी, आणि चेंडू बोटांनी परत रिंगेत ढकलला. तिची कोपरंसुद्धा मला लागली नाहीत. शिट्टी वाजली.

आम्ही एका गुणानं हरलो.

मुली कोर्टावरच बसल्या. तिखट मुलगी रडत होती आणि रडते आहे हे कुणी पाहू नये म्हणून बुटाची नाडी परत परत बांधत होती. मी कॅप्टनजवळ जाऊन बसले. बरेच दिवस विचारायचं होतं ते विचारलं. "त्या दिवशी जागा का नाही ठेवलीत, अक्का?"

कॅप्टननं टॉवेल मानेवर टाकला. "खरं सांगू? सर घड्याळ बघत होते. आणि तू माझ्याकडं बघत होतीस."

"बस?"

"बस. फार मोठं काही नव्हतं गं मनात." मग ती म्हणाली, "जागा ठेवली असती तर जिंकलो असतो. मीही केलाय तो विचार. तू एकटीच करतीस असं वाटतं काय?"

सरांनी हरलेल्यांतून दोघींना घेतलं, आमची कॅप्टन आणि नेमबाज मुलगी. ठीकच होतं. मी त्यांच्या जागी असते तर त्याच दोघींना घेतलं असतं. सोमवारपासून प्रॅक्टिकल सुरू होणार होती. घरी मी अजून सांगितलं नव्हतं. शनिवारी रात्री आणि रविवारी मी आईला भाकऱ्या करू लागले, आणि दर वेळी तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी विचारलं. मंद्रूपचं आर्ट्स कॉलेज वाईट नाही, असं मी स्वतःला समजावत होते. माझ्या ओळखीच्या दोघी तिथे शिकतात. रविवारी संध्याकाळी वडील बागेवर जायला निघाले तेव्हा मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. ते म्हणाले, "सांग की, काय ठरलं." मी म्हणाले, "उद्या सांगते."

सोमवारी सकाळी दुधनी मला कॉलेजच्या फाटकातच शोधत आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"आई न्हाई म्हणती," ती म्हणाली. "हॉस्टेलात एकटी ऱ्हायचं न्हाई म्हणती. खेळायचं तर गाडीनं ये-जा करून खेळ."

पहाटेच्या सरावाला पोचेल अशी दुधनीहून गाडी नाही. म्हणजे ती संघात नव्हती. ज्या संघानं तिच्या जोरावर आम्हाला हरवलं, तो तिच्याशिवाय बाहेर खेळणार होता. मला त्या क्षणी आनंद होईल अशी भीती वाटली, पण झाला नाही. तिला असं पाहिलंच नव्हतं मी कधी.

"मग?"

"मग मी म्हणलं, कोण सोबत आसलं तर? तर म्हणती, कोण? शहरातल्या पोरींना मी ओळखत न्हाई." तिनं नाक पुसलं. "मग स्वतःच म्हणाली, ती येळ अमावस्येची पोरगी आसली तर बघू."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पण मी तर संघात नाही."

"ते मला म्हाईत हाय. सरांना सांगायचं हाय आता."

सरांनी ते ऐकून डोक्याला हात लावला. त्यांना दुधनी हवी होती, एवढं स्पष्ट होतं. ते आम्हा दोघींना घेऊन वसतिगृहाच्या मॅडमकडे गेले. मॅडम काम करत होत्या. आम्ही उभ्याच राहिलो. सरांनी सांगितलं ते त्यांनी मान खाली घालूनच ऐकलं.

"ही खेळाडू आहे?" मॅडमनी पेननं माझ्याकडे दाखवलं.

सरांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. मग म्हणाले, "संघाबरोबर असते."

"बरोबर म्हणजे? खेळते का नाही?"

मी सांगणारच होते की नाही, मी संघात नाही. खोटं बोलून खाट घ्यायची नव्हती मला. पण दुधनी आधी बोलली. "मॅडम, ही नसली तर मी बी नसणार. घरून सोडत न्हाईत."

"खाट रिकामी नाही."

"मी खाली झोपीन," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी पहिल्यांदा वर पाहिलं.

त्यांनी दुधनीच्या आईला फोन लावायला सांगितला. दुधनीनं लावला आणि मॅडमच्या हातात दिला. मॅडमना कानडी येत नव्हती, पलीकडच्या बाईंना मराठी थोडंच येत होतं. थोडा वेळ दोघी एकमेकींना मोठ्यानं समजावत राहिल्या. मग मॅडमनी फोन मला दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

मी कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढं मला कळलं. मी हो म्हणाले. मग त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तू हाय ना तितं? मग ठीक."

"परीक्षेपर्यंत," मॅडम म्हणाल्या. "गादी स्वतःची आणायची. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

मी तिथूनच वडिलांना फोन केला. ते बागेत होते, आवाज तुटत होता. सगळं सांगायला मला वेळ लागला, कारण मी खेळाडू म्हणून नाही तर कुणाची सोबत म्हणून राहणार आहे, हे मला लपवायचं नव्हतं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे सायन्सच?"

"व्हय."

"बरं. गादी एसटीनं लावून देतो."

त्यानंतरही मी तो दुसरा संघ कधीकधी मनात उभा करते. दुधनी त्या दिवशी रेषेवर आली असती आणि आमच्या वाट्याला पडली असती तर आमची कॅप्टन जिंकली असती, तिखट मुलगी रडली नसती. पण दुधनीची आई तेव्हाही नाहीच म्हणाली असती, आणि तेव्हा तिला माझं काय माहीत असतं? मग संघ तिच्याशिवाय गेला असता का? की त्यांनी दुसरी कुणी शोधली असती? इथपर्यंत आलं की माझं चित्र फाटतं. मला पुढचं दिसत नाही.

पहाटेच्या पहिल्या सरावाला मी कोर्टाच्या पायरीवर शाल पांघरून बसले होते. सरांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "ए मंद्रूप, नुसती बसू नकोस. ये, तिच्या पुढ्यात उभी राहा. तू ढकलतेस तशी इथं कुणी ढकलत नाही." मी शाल ठेवून गेले. दुधनी म्हणाली, "आली परत."

त्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल होतं. टायट्रेशन. ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडायचे आणि खालचा फ्लास्क हलवत राहायचं, गुलाबी रंग टिकेपर्यंत. पाच वाजत आले तसे माझे पाय सवयीनं दाराकडे वळले. पार्टनर म्हणाली, "जा तू, मी करते." मी नाही म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले, मग पुढे गेले. आमची एसटी आता नाक्यावरून वळली असेल, असा विचार आला आणि मी तोटी थोडी सोडली. एक थेंब पडला, गुलाबी झालं आणि विरलं. आणखी एक, पुन्हा विरलं. मी इतके दिवस याचा शेवट फक्त दुसरीच्या वहीतून उतरवला होता. तिसऱ्या थेंबाला गुलाबी रंग आला तो गेला नाही. मी फ्लास्क हलवून पाहिला, तरी गेला नाही.

"तोटी बंद कर की," पार्टनर म्हणाली. "किती बघतीस?"